चोवीस तारांची हद्द

चैत्री यात्रेत किंवा नवरात्रात सप्तशृंगगडावर गेलेल्यांना एक गोष्ट ठाऊक असते. वणीहून आपली गाडी घेऊन निघाले, तरी गर्दीच्या दिवसांत ती नांदुरीला, घाटाच्या पायथ्याशी, उभी करावी लागते. तिथून पुढे एसटी. मुले, पिशव्या, नारळ, सारे उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. गाडी उत्तम असते, चालवणाराही तयार असतो. पण वरच्या रस्त्यावर तिला प्रवेश नसतो. माझे बालपण वणीत गेल्यामुळे हा बदलीचा थांबा मला फार लवकर कळला. संगणकातला असाच थांबा भेटायला मात्र पीएच.डी.चे तिसरे वर्ष उजाडावे लागले.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना संगणक होता. त्याच्या पोटात बसवलेले एक कार्ड प्रयोगातील विद्युतदाबाची मापने घेऊन ती थेट संगणकाच्या मेमरीत भरत असे. कार्ड जुने होते, लिनक्सची आवृत्तीही जुनीच होती, आणि सर्व काही कित्येक वर्षे बिनतक्रार चालले होते. एके दिवशी आम्ही त्या संगणकाची मेमरी १६ मेगाबाइटवरून ६४ मेगाबाइट केली. त्यानंतर मापनांच्या फाइलींत अधूनमधून भलतेच आकडे दिसू लागले, तर कधी संगणकच मध्येच गप्प होई. आम्ही सेन्सर बदलला, तारा बदलल्या, अर्थिंग तपासले. दोन आठवड्यांची मापने टाकून द्यावी लागली. चूक उघड वेडीवाकडी दिसली असती तर बरे झाले असते. इथे चुकीचे आकडेही खऱ्यासारखेच दिसत होते, कारण ते खरेच होते, फक्त आदल्या दिवशीचे!

हे का घडले, हे समजण्यासाठी संगणकाच्या ‘बस’कडे वळू. प्रोसेसर, मेमरी आणि निरनिराळी कार्डे यांना जोडणारा तारांचा जुडगा म्हणजे बस. (प्रवाशांची बस आणि ही बस यांचे मूळ एकच आहे: ‘सर्वांसाठी’ या अर्थाचा ‘ऑम्निबस’ हा लॅटिन शब्द.) यातील काही तारांवरून माहिती जाते, तर काहींवरून ती मेमरीच्या कोणत्या घरात ठेवायची त्याचा पत्ता जातो. पत्त्याच्या प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, असे दोनच पर्याय असतात. म्हणून १६ तारांनी दोनाचा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ पत्ते सांगता येतात. २० तारांनी १०,४८,५७६ आणि २४ तारांनी १,६७,७७,२१६. ही शेवटची संख्या म्हणजे १६ मेगाबाइट. घातांक शिकवताना बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांऐवजी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

आता १९८१ सालात जाऊ. त्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याला पत्त्याच्या २० तारा होत्या. फ्लॉपीवरून येणारा प्रत्येक बाइट प्रोसेसरने स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा म्हटले, तर त्याचा बराच वेळ या हमालीत जाईल. म्हणून ‘डीएमए’, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत ने-आण करण्याची सोय, ठेवली होती. हे काम करणारी ८२३७ ही चिप मात्र आधीच्या पिढीची होती. तिला १६ तारांपुरतेच पत्ते मोजता येत. उरलेल्या चार तारांसाठी आयबीएमच्या अभियंत्यांनी शेजारी एक लहानसे वेगळे नोंदघर बसवले. त्यात वरचे चार अंक आधीच लिहून ठेवायचे आणि खालचे सोळा चिपने मोजायचे.

या जुळणीत एक गंमत झाली. बेरीज करताना आपण हातचा पुढच्या स्थानी नेतो. इथे सोळाव्या अंकाचा हातचा सतराव्यापर्यंत पोहोचतच नव्हता, कारण ते दोन वेगळे डबे होते. मोजणी ६५,५३५ वर पोहोचली की पुढचा बाइट ६५,५३६ व्या घरात न जाता त्याच पट्ट्याच्या शून्याव्या घरात जाई. तिथे जे काही असेल ते पुसले जाई. सूचना नाही, तक्रार नाही. मग हे सांभाळायचे कोणी? तर ड्रायव्हरने. ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण चालवणारा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बसलेला प्रोग्राम. माहितीसाठी घेतलेली जागा ६४ किलोबाइटची सीमारेषा ओलांडत नाही ना, हे त्याने प्रत्येक वेळी तपासायचे. चिपमध्ये वाचवलेल्या काही पैशांचे हप्ते त्यानंतर प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने भरले आहेत. आयबीएमच्या अभियंत्यांना मी दोष देणार नाही. यंत्र लवकर आणि स्वस्तात बाजारात आणायचे होते, आणि ते इतकी वर्षे टिकेल असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर ते हसले असते.

१९८४ साली पीसी-एटी आला. ८०२८६ या त्याच्या प्रोसेसरला २४ तारा होत्या. बाजूच्या नोंदघराचे अंक चारावरून आठ झाले. सोळा आणि आठ मिळून चोवीस. मर्यादा १६ मेगाबाइटवर गेली. तेव्हाच्या घरगुती संगणकात एक मेगाबाइटही मेमरी नसे, त्यामुळे ही हद्द क्षितिजासारखी दूर वाटली असणार. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ३२ तारांचा ८०३८६ आला. प्रोसेसरची नजर चार गिगाबाइटपर्यंत गेली; पण कार्डे बसवण्याची खाच, जिला पुढे ‘आयसा’ म्हणू लागले, ती चोवीस तारांचीच राहिली. लोकांनी विकत घेतलेली कार्डे कोण फेकून देणार?

आमचे कार्ड याच खाचेत बसलेले होते. जुन्या संगणकात एकूण मेमरीच १६ मेगाबाइट असल्यामुळे त्याला न दिसणारी जागा अस्तित्वातच नव्हती. मेमरी वाढवल्यावर कर्नेलने कधीकधी, समजा, २० मेगाबाइटच्या पुढची जागा ड्रायव्हरला दिली. पत्त्याचा पंचविसावा अंक सांगायला तार नाही, म्हणून तो गळला आणि २० चे ४ झाले. नवी मापने चार मेगाबाइटच्या आसपास दुसऱ्याच कोणाच्या जागेवर जाऊन पडली. जिथे ती अपेक्षित होती, तिथे कालचे आकडे तसेच राहिले आणि आम्ही तेच वाचत बसलो.

लिनक्सचा जन्म १९९१ चा, याच यंत्रांवरचा. त्यामुळे त्याच्या कर्नेलमध्ये या हद्दीची जाण बरीच आधी आली. खालची १६ मेगाबाइट मेमरी ‘डीएमए’ नावाच्या वेगळ्या पट्ट्यात ठेवली गेली. ड्रायव्हरने स्पष्ट शब्दांत मागितले की जागा तिथली मिळते. पण सगळेच आधी मागून ठेवता येत नाही. डिस्कवर लिहायची माहिती वापरणाऱ्याच्या प्रोग्रामने आधीच वरच्या मेमरीत कुठेतरी ठेवलेली असते. अशा वेळी अ‍ॅडाप्टेक १५४२ सारख्या डिस्क-कार्डांचे ड्रायव्हर खालच्या पट्ट्यात एक लहान जागा राखून ठेवत, माहितीची नक्कल तिथे करत, आणि कार्डाला तिथून उचलायला सांगत. याला ‘बाउन्स बफर’ म्हणतात. वणीकरांना मी एवढेच सांगेन: हे नांदुरी आहे. माहिती एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायची. हमाली वाचवण्यासाठी डीएमए आणले आणि हद्दीमुळे ती हमाली प्रोसेसरच्या गळ्यात पुन्हा पडली.

बसच्या अडचणीवर दुसऱ्या टोकाचा उपाय आपल्या पुण्यातच वापरला गेला. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी स्वतःच्या चार जोडण्या असत आणि मेमरीही स्वतंत्र असे. चौसष्ट प्रोसेसर एकाच बसवर रांग लावून उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये मात्र सन कंपनीचे तयार सर्व्हर वापरले गेले, आणि त्यांच्या पोटात बस होतीच. पण सनच्या यंत्रांत बस आणि मेमरी यांच्यामध्ये पत्त्यांचे भाषांतर करणारा एक दुभाषी बसवलेला असे. कार्डाने आपल्या आवाक्यातला पत्ता सांगायचा, दुभाषाने तो मेमरीतल्या खऱ्या, कितीही वरच्या पत्त्यात बदलायचा. नक्कल नको, बदली नको. याला ‘आयओएमएमयू’ म्हणतात. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला सर्वांत नीटनेटका उपाय हाच.

तो घरगुती संगणकांत मात्र उशिरा रुजला. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय बसने ३२ अंकी पत्ते दिले आणि हद्द चार गिगाबाइटवर सरकली. पुढे ६४ अंकी प्रोसेसर आले, मेमरी चार गिगाबाइटच्या वर गेली, आणि दुभाषी नसलेल्या यंत्रांसाठी लिनक्सला पुन्हा तोच राखीव थांबा, आता ६४ मेगाबाइटचा, बांधावा लागला. २०१९ साली तर रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या, शाळांच्या आवडत्या संगणकानेही तेच केले. मेमरी चार गिगाबाइटपर्यंत, पण त्यातील काही उपकरणांना फक्त पहिला एक गिगाबाइट दिसे! कर्नेलमध्ये त्यासाठी आणखी एक पट्टा आखावा लागला.

आमच्या प्रयोगशाळेतली दुरुस्ती एका शब्दाची निघाली. जागा मागताना ती ‘डीएमए’ पट्ट्यातली हवी, एवढे सांगायचे राहून गेले होते. तो ड्रायव्हर ज्या विद्यार्थ्याने लिहिला, त्याच्या काळी त्या संगणकात दुसरा पट्टाच नव्हता.

शाळेत लिनक्सचा नेहमीचा पीसी असेल, तर तो सुरू होताना कर्नेलने लिहिलेली नोंद विद्यार्थ्यांना उघडून दाखवावी. आयसाची खाच कधीच गेली असली, तरी बहुतेक यंत्रांत ‘डीएमए’ नावाच्या पट्ट्याची ओळ अजून सापडते. तिच्यातल्या शेवटच्या पत्त्यात ओळीने सहा ‘एफ’ असतात. सोळा पायाच्या अंकलेखनात एक ‘एफ’ म्हणजे द्विमानातले चार एक. सहा चोक चोवीस.