शिवणीतली माया

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंग संपवून तो पुण्यात नोकरी शोधतो आहे. म्हणाला, "मामू, एक विचारतो, हसू नका. माझ्याकडे दहा हजार रुपये आहेत. त्यात मुलाखतीचे कपडे, धाकट्या मामूंच्या मुलीचं लग्न आणि ईद, तिन्ही बसवायचंय. काय काय घेऊ?"

हसण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण या प्रश्नामागे दुसरी एक गोष्ट होती आणि ती त्याने नंतर सांगितली. आदल्या आठवड्यात तो एका मुलाखतीला फिकट रंगाचा आखूड कुर्ता, वर जाकीट आणि पँट घालून गेला होता. समोरच्या गृहस्थांनी बसायला सांगितले आणि विचारले, "आज तुमचा काही सण आहे का?" बस्स, एवढेच. पुढे मुलाखत नीट झाली. नोकरी मिळाली नाही, पण त्याचे कारण हेच होते असे तोही म्हणत नाही. फक्त तो प्रश्न त्याच्या मनातून जात नाही. "त्यांनी कपडे बघून विचारलं की नाव बघून, तेच कळलं नाही," असे तो म्हणाला.

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. आमच्या घराण्यात या प्रश्नाचे खरे उत्तर देऊ शकणारा माणूस केव्हाच गेला. माझे आजोबा, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, सोलापुरात शिवणकाम करत. संक्रांतीच्या आधी महिनाभर त्यांच्या दुकानात पांढऱ्या कापडाचे ढीग असत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत चालणारे लोक पांढरी बाराबंदी घालतात. त्या बाराबंद्या दादा शिवत. रमजान आला की त्याच मशीनवर, कित्येकदा त्याच ताग्यातून, कुर्ते-पायजमे निघत. "आपले कपडे" आणि "त्यांचे कपडे" असा फरक त्यांच्या कात्रीला माहीत नव्हता. भाच्याला उत्तर द्यायचे म्हणून मी पुस्तके काढून बसलो, तेव्हा लक्षात आले की हा फरक इतिहासालाही फारसा माहीत नाही.

बादशहाचे कपाट

कपड्यांचे कपाट कसे लावावे, याचे हिंदुस्थानातले एक अतिशय बारकाईचे वर्णन अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथात तोफखाना आणि महसूल यांच्या बरोबरीने अकबराच्या तोशाखान्यावर, म्हणजे वस्त्रभांडारावर, स्वतंत्र प्रकरण आहे. तोशाखान्यासाठी एक हजार पूर्ण पोशाख शिवले जात आणि त्यांतले १२० पोशाख १२ गाठोड्यांत बांधून कायम तयार ठेवलेले असत. आलेल्या कापडाची नोंद आल्या दिवसाप्रमाणे होई. किंमत सारखी असेल तर दिवस बघायचा, दिवसही सारखाच असेल तर वजन. वजनात हलके कापड वरच्या दर्जाचे धरले जाई. वजनही सारखेच निघाले तर रंग पाहायचा. रंगांची यादी वाचताना तोंडाला पाणी सुटते: पिस्ता, बदाम, आंबा, सफरचंद, द्राक्ष, मध. शिवाय चंदन आणि कस्तुरी आहेतच.

शिलाईचे दरही दिले आहेत. 'तकौचिया' नावाच्या बिनअस्तरी अंगरख्याला ७ गज ७ गिरह कापड लागे, बंदांसाठी आणखी ५ गिरह. १६ गिरहांचा एक गज. साध्या शिलाईचा दर एक रुपयापासून तीन रुपयांपर्यंत.

या प्रकरणातले एक वाक्य मला फार आवडते. अबुल फजल मोठ्या कौतुकाने नोंदवतो की बादशहाचे कपडे कुणाच्याही अंगावर शोभून दिसतात, माणूस उंच असो की ठेंगणा, आणि या कोड्याने अनेकांना चकित केले आहे. त्याला हे शुभलक्षण वाटते. दादांनी हे वाचले असते तर मिशीत हसले असते. त्या काळचा अंगरखा किंवा जामा छातीवर एकावर एक पदर घेऊन बंदांनी बांधायचा असतो. बंद दोन बोटे आवळा, बारीक माणसाला बसतो. दोन बोटे सैल सोडा, जाड्याला बसतो. कमरेखाली घेर मोकळाच. माझ्या मते त्या शुभलक्षणाचा बराचसा भाग बंदांत होता.

आपली बाराबंदी याच कुळातली. बारा बंदांचे ते आखूड वस्त्र बापाने घातले, मुलाने घातले, तरी नव्याने मापे घ्यावी लागत नाहीत.

उजवीकडे की डावीकडे?

मग या कपड्यावरून माणूस ओळखू येत नसे का? येत असे. मुसलमान अंगरख्याचे बंद उजव्या बाजूला बांधत, हिंदू डाव्या बाजूला. कापड तेच, काट तोच, शिवणाराही तोच. फरक फक्त गाठीचा.

तकौचियाची हकिगत इथे सांगण्यासारखी आहे. अबुल फजल स्पष्ट लिहितो की हा मुळात हिंदुस्थानी घाटाचा कपडा. आधी त्याच्या खालच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत. अकबराने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे आणले. म्हणजे कपडा इथला घेतला, गाठ आपली ठेवली. दुसरीकडे त्याच अकबराने अरबी-फारसी नावांच्या कपड्यांना देशी बोलीतली नावे दिली. जामा झाला 'सर्बगाती', म्हणजे सर्व अंग झाकणारा. टोपी झाली 'सीससोभा', पायताण झाले 'चरणधरण', शाल झाली 'परमनरम'. आणि बुरख्याला नाव मिळाले 'चित्रगुपित'! आज असे कुणी केले तर दोन्हीकडचे लोक त्याच्यावर धावून येतील.

ही नावे टिकली नाहीत. लोकांनी आपल्या सोयीने दुसरीच देवाणघेवाण केली. मराठी माणूस 'विजार' म्हणतो, ती अरबी 'इजार'. 'पायजमा' फारसी, 'रुमाल' फारसी, कोटाच्या आतले 'अस्तर' फारसी, आणि ज्यात पैसे ठेवतो तो 'खिसा' अरबी. खिशाच्या वर बटणासाठी जे 'काज' असते ते पोर्तुगीज, कपड्यावर फिरते ती 'इस्त्री'ही पोर्तुगीज. मुलाखतीला जाणाऱ्या कुठल्याही मराठी मुलाच्या अंगावर इतक्या भाषा असतात. त्याला कुणी सणाबद्दल विचारत नाही.

वस्त्राचा मान

कपड्याचा सवाल शोभेपुरता नसतो, मानाचाही असतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. दरबारात दिल्या जाणाऱ्या मानाच्या पोशाखाला खिलत म्हणत. या अरबी शब्दाच्या मुळाशी 'उतरवणे' हा अर्थ आहे. राजाने अंगावरचे वस्त्र उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालायचे, ही मूळ कल्पना. ज्याचे माप कधी घेतलेले नाही त्याला भरदरबारात पोशाख द्यायचा, तर तो बंदांनी कमी-जास्त करता येणाराच हवा. तयार ठेवलेल्या १२० पोशाखांकडे पाहताना मला ही सोय आठवते.

१२ मे १६६६ रोजी आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात खिलती दिल्या गेल्या. शहजाद्यांना मिळाल्या, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंहाला मिळाली. शिवाजी महाराजांना मिळाली नाही. त्या दिवशीच्या संतापाची कारणे अनेक होती, पण त्यांत हेही एक होते. पुढे मराठी राज्यातही हीच रीत चालली. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशव्यांना पद मिळे, तेव्हा आपण म्हणतो की त्यांना पेशवेपदाची 'वस्त्रे' मिळाली. आणि सतराव्या शतकात काढलेली महाराजांची जी चित्रे उपलब्ध आहेत, त्यांत अंगावर जामा आहे आणि कमरेला पटका. त्या काळी तो दख्खनपासून दिल्लीपर्यंतच्या प्रतिष्ठित माणसाचा पोशाख होता, एका धर्माचा नव्हे.

धर्माने जिथे बंधन घातले तिथेही विणकराने वाट काढली. मुसलमान पुरुषाला निखळ रेशीम वर्ज्य. म्हणून असे कापड विणले गेले की वरून रेशीम दिसावे आणि अंगाला सूत लागावे. त्याचे नावच पडले 'मशरू', म्हणजे शरियतला मान्य. आपल्या औरंगाबादची हिमरूही सूत आणि रेशीम यांच्या मेळातून झालेली. बंधन पाळले गेले, शौकही राहिला, आणि हे कापड घ्यायला सगळ्याच जातिधर्मांचे लोक आले.

बटण आले

एकोणिसाव्या शतकात बंद गेले आणि बटणे आली. अंगरखा आणि इंग्रजी कोट यांच्या संगतीतून अचकन व शेरवानी घडली. यातली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बटणे छातीच्या मधोमध आली आणि उजव्या-डाव्या गाठीचा शेकडो वर्षांचा प्रश्नच संपला! निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, हिंदू आणि मुसलमान अधिकारी सारखीच शेरवानी घालून कचेरीत जात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात पंडित नेहरू आणि मौलाना आझाद या दोघांचाही पोशाख याच कुळातला होता. तिला "मुसलमानी पोशाख" समजण्याची सवय नंतरची.

पण बटणाने एक अडचण केली. बंद माणसाला सांभाळून घेतो, बटण घेत नाही. काज जिथे आहे तिथेच आहे. म्हणून मापाला महत्त्व आले, टेप गळ्यात आला, दर्जी लागला. नंतर तयार कपडे आले आणि बहुतेकांचे दर्जीकडे जाणे सुटले. लहान, मध्यम, मोठा अशा तीन-चार मापांत साऱ्या दुनियेची अंगे बसवायची झाली. बंदही नाहीत आणि मापही नाही, अशा कपड्यांत आज आपण वावरतो.

भाच्याला काय सांगितले

मी त्याला त्या दिवशीचा फोटो पाठवायला सांगितला. फोटो पाहिला आणि खरे ते सांगितले. कुर्ता घातलास यात काही चूक नाही. पण कुर्त्याचा खांदा दंडावर उतरला आहे, बाही बोटांपर्यंत आली आहे आणि जाकीट पोटावर ताणले आहे. विचारणाऱ्याचा दोष विचारणाऱ्यापाशी. तो दुरुस्त करायला एक पिढी लागेल. शिवणीचा दोष एका दुपारी दुरुस्त होतो.

मग यादी केली. बंद गळ्याचा एक कोट, गडद निळा, अंगावर माप घेऊन शिवलेला. दोन पँटी, एक राखाडी, एक काळी. दोन शर्ट, पांढरा आणि फिकट निळा. एक पांढरा कुर्ता-पायजमा. दादांची हिमरू शाल घरच्या पेटीत पडून आहे, ती मी देतो. मुलाखतीला शर्ट-पँटीवर कोट. लग्नाला कुर्त्यावर तोच कोट आणि खांद्यावर शाल. ईदला कुर्ता-पायजमा, थंडी असेल तर शाल. अकबराच्या आधी लोक काश्मिरी शाल चार घड्या करून वापरत. त्याने ती दुहेरी पांघरायला सुरुवात केली, तर तेवढ्याचीही अबुल फजलने नोंद घेतली. तेव्हा आहे तीच वस्तू वेगळ्या तऱ्हेने वापरण्यात कमीपणा नाही.

घेताना काय बघायचे तेही सांगितले. आधी खांदा. बाकी सारे उसवून दुरुस्त करता येते, खांदा बिघडला तर कपडाच बिघडतो. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. नवा कपडा घेण्याआधी विचारायचे, की घरातल्या किती कपड्यांशी याचे जमेल? दोहोंशीही जमत नसेल तर तो दुकानातच राहू द्यावा. आणि दुसऱ्या कुर्त्याचे पैसे शिलाईला घालावेत.

परवा तो सोलापूरला आला. दादांच्या हाताखाली शिकलेले एक शिंपीकाका अजून काम करतात. नामदेव महाराजांना मानणारे, माळकरी. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून भाच्याची मापे घेतली, दोनदा खांदा तपासला आणि विचारले, "माया किती ठेवू?"

पुण्यात राहून भाचा हा शब्द विसरला होता. मी सांगितले, शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरले तर कपडा टाकावा लागत नाही, उसवून सैल करता येतो. बाहेरून ती दिसत नाही.

"भरपूर ठेवा, काका," भाचा म्हणाला. "हा कोट लई वर्षं घालायचाय."