हँड प्रेसने केबीआर पेलेट कशी बनवायची? सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे केमिस्ट्री लॅबशी माझा संबंध फर्स्ट इयरनंतर तुटलाच होता. मागच्या जुलैमध्ये एम.एस्सी. करणाऱ्या माझ्या मामेबहिणीने प्रोजेक्टसाठी एक छोटा प्रोग्रॅम मागितला. एफटीआयआर मशीनची फाइल द्यायची आणि प्रोग्रॅमने ग्राफमधले पीक्स ओळखायचे, एवढंच काम.

प्रोग्रॅम चालला, पण उत्तर चुकलं! तिचं सॅम्पल होतं अँथ्राक्विनोन. त्याच्या रेणूत ओ-एच गट नसतोच, आणि माझा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी "ओ-एच आहे" असं सांगत होता. सबमिशन चार दिवसांवर आलेलं. दोन रात्री मी कोडमध्ये बग शोधला. बग होता नखाएवढ्या एका चकतीत. ती चकती म्हणजेच पेलेट.

पेलेट लागते कशाला?

एफटीआयआर मशीन सॅम्पलमधून इन्फ्रारेड प्रकाश पाठवतं आणि त्यातला कोणता भाग शोषला गेला ते मोजतं. त्यावरून रेणूत कोणते बंध आहेत ते कळतं. पण नुसती पावडर ठेवली तर प्रकाश आरपार न जाता विखुरतो. म्हणून ती पोटॅशियम ब्रोमाइड, म्हणजे केबीआर या क्षारात मिसळून जोरात दाबतात. दाबामुळे कण एकजीव होऊन काचेसारखी चकती तयार होते. ४००० ते ४०० प्रति सेंटिमीटर या पट्ट्यात केबीआर स्वतः प्रकाश अडवत नाही, म्हणून ग्राफमध्ये फक्त सॅम्पल दिसतं.

हाताचा जोर पुरतो का?

हो, गणित सोपं आहे. मोठ्या हायड्रॉलिक प्रेसवर सहसा १३ मिमीची चकती करतात, हँड प्रेसवर ७ मिमीची. क्षेत्रफळ काढा: १३३ आणि ३८.५ चौरस मिमी. चकती साडेतीन पट लहान, म्हणजे तेवढ्याच दाबासाठी जोरही साडेतीन पट कमी लागतो. उरलेलं काम लिव्हर करतो.

पेलेट बनवायच्या स्टेप्स

१. केबीआर साधारण ११० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये काही तास वाळवा आणि डेसिकेटरमध्ये थंड होऊ द्या.

२. अगेटच्या खलात १ मिग्रॅ सॅम्पल आधी एकटंच बारीक घोटा. मग १०० मिग्रॅ केबीआर टाकून हलक्या हाताने मिसळा. केबीआर जास्त वेळ घोटत बसू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

३. डायचा खालचा ठोकळा चकचकीत बाजू वर करून ठेवा आणि त्यावर कडं बसवा. ५०-६० मिग्रॅ मिश्रण टाकून सगळीकडे सारखं पसरा. एका बाजूला ढीग राहिला तर चकती हमखास तडकते.

४. वरचा ठोकळा चकचकीत बाजू खाली करून ठेवा. डाय प्रेसमध्ये सरकवा, लिव्हर हळूहळू दाबा आणि एखादा मिनिट तसाच धरा. झटका देऊ नका, लिव्हरला पाइप लावून जोर तर अजिबात वाढवू नका.

५. लिव्हर सावकाश सोडा. पेलेट कड्यातच राहू द्या आणि कडं तसंच होल्डरमध्ये लावून लगेच ग्राफ घ्या.

६. काम झालं की डाय आधी पाण्याने, मग अ‍ॅसिटोनने पुसून कोरडा करा. केबीआर राहिलं तर स्टील गंजतं.

हातमोजे आणि चष्मा घालाच. सॅम्पल हायड्रोक्लोराइड क्षार असेल तर केबीआरऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरा, नाहीतर क्लोराइड-ब्रोमाइडची अदलाबदल होऊन ग्राफ बदलू शकतो.

ग्राफ बघून चूक कशी ओळखायची?

- ३४०० आणि १६४० च्या आसपास रुंद पीक: केबीआरमध्ये ओलावा.
- ४००० च्या बाजूला उतरती बेसलाइन: सॅम्पल नीट घोटलं नाही.
- पीक्स तळाला टेकून सपाट झालेत: सॅम्पल जास्त झालं.
- २३५० जवळ छोटं पीक: हवेतला कार्बन डायऑक्साइड. पेलेटचा दोष नाही.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट

सॅम्पल न टाकता नुसत्या केबीआरची एक पेलेट करा आणि तिचाही ग्राफ घ्या. बहिणीने हे केलं तेव्हा ३४०० जवळ तेच पीक पुन्हा हजर! बाहेर धो धो पाऊस आणि केबीआरची बाटली दिवसभर उघडी. माझा प्रोग्रॅम बिचारा पाण्यातला ओ-एच अगदी बरोबर ओळखत होता. केबीआर वाळवून पेलेट पुन्हा केली. कोडची एक ओळही बदलली नाही आणि उत्तर बरोबर आलं.

आता बऱ्याच लॅबमध्ये एटीआर असतं. त्यात सॅम्पल थेट क्रिस्टलवर ठेवतात, पेलेट लागत नाही. पण त्यात पीक्सची कमी-जास्त उंची थोडी वेगळी येते. त्यामुळे पेलेटवर घेतलेल्या जुन्या ग्राफशी तुलना करायची असेल तर पेलेटच बरी.

मोबाइलच्या लेन्सवर बोटाचा डाग असेल तर कुठलाही फिल्टर फोटो वाचवत नाही, तसंच हे आहे. डेटा विचित्र दिसला तर कोड उघडण्याआधी तो डेटा कसा तयार झाला ते एकदा जाऊन बघा. माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या!