हरणाचं गाव आणि एक 'कंजूष' शेख

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे अबू धाबीला होतो. पहिले दोन वीकेंड मॉलमध्ये गेले (आता खोटं कशाला बोला!). तिसऱ्या शनिवारी मात्र ठरवलं, या गावातलं सगळ्यात जुनं काय असेल ते बघायचं. टॅक्सीवाला केरळचा होता. "जुनं? इथे?" म्हणून हसला, पण बरोबर कसर अल होस्नच्या दारात नेऊन सोडलं.

चहूबाजूंनी काचेचे टॉवर आणि मधे पांढराशुभ्र किल्ला. राजगड-तोरणा पायाखाली घातलेल्या माणसाला तो लुटुपुटूचाच वाटणार. पण याची गोष्ट निराळी आहे. बनी यास हा बेदुइन टोळ्यांचा संघ. त्यांचं मूळ ठाणं इथून दोनशे किलोमीटरहून दूर, लिवाच्या खजुरांच्या बागांत. दंतकथा अशी की हरणाचा माग काढत काही शिकारी या बेटावर आले आणि त्यांना गोडं पाणी सापडलं. म्हणून नाव अबू धाबी, म्हणजे हरणाचा बाप. साल सांगतात १७६१, म्हणजे आपल्याकडे पानिपत झालं ते साल! आधी विहिरीच्या राखणीला एक बुरूज बांधला, पुढे त्याचा किल्ला झाला आणि १७९० च्या दशकात टोळीप्रमुखांनी मुक्काम लिवाहून इथे हलवला. थोडक्यात, या शहराचा पाया म्हणजे एक विहीर.

पाण्यानंतर आले मोती. हिवाळ्यात उंट चारणारी हीच माणसं उन्हाळ्यात होडीवर जायची. नाकाला चिमटा, पायाला दगड, की मारली बुडी. दिवसभर हेच, आणि असं सलग चार महिने. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच होडीवर. मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई, आणि व्यवहाराचं चलन होतं आपला रुपया. मग जपानी कल्चर्ड मोती आले, १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि सगळा धंदा बसला. एका पिढीच्या डोळ्यांदेखत गाव उपाशी पडलं.

आता आपला 'कंजूष' शेख. शेख शखबूत १९२८ साली गादीवर बसले, म्हणजे ऐन पडझडीच्या तोंडावर. १९३९ मध्ये त्यांनी तेलाचा करार केला. १९५८ मध्ये समुद्रात तेल लागलं आणि १९६२ मध्ये पहिलं जहाज रवाना झालं. पैसा वाहू लागला, पण शेखसाहेब तो खर्च करेनात! रस्ते, शाळा, दवाखाने, सगळ्याला "बघू". नोटा पलंगाखाली ठेवायचे आणि उंदरांनी कुरतडल्या, अशीही एक गोष्ट सांगतात. शेवटी ऑगस्ट १९६६ मध्ये घराण्याने ब्रिटिशांच्या मदतीने त्यांना पायउतार केलं आणि धाकटे भाऊ शेख झायेद आले. पुढचं शहर त्यांनी उभं केलं. २ डिसेंबर १९७१ ला अमिरातींचा संघ झाला, त्याचे पहिले अध्यक्षही तेच.

हे वाचताना मला सारखे माझे आजोबा आठवत होते. गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. नंतर बाबा कमावते झाले तरी आजोबांनी पंखा एकपेक्षा जास्त नंबरावर फिरू दिला नाही. पत्र्याच्या ट्रंकेत घडी घातलेल्या नोटा असायच्या. आम्ही नातवंडं फार हसायचो. मी गृहकर्ज घेतलं तेव्हा तर ते दोन दिवस बोलले नाहीत.

शखबूतनाही सगळे हसले. पण या माणसाने एकाच मालावर जगणारं गाव कोसळताना पाहिलं होतं. आणि सावध माणसाचीही फजिती होतेच. इथे चालत होता रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी काढलेला रुपया. जून १९६६ मध्ये दिल्लीत अवमूल्यन झालं आणि त्याच्याबरोबर ही पुंजीही रातोरात घसरली. त्यानंतर अबू धाबीने रुपया सोडला. म्हणजे नुसतं साठवूनही सुटका नाही.

गंमत पुढे आहे. सढळ हाताचे म्हणून नावाजलेल्या झायेद यांच्याच काळात, १९७६ मध्ये, तेलाचा शिलकी पैसा जगभर गुंतवणारी सरकारी संस्था सुरू झाली. तेल आटलं तर पुढच्यांना काय, म्हणून. मला तर ती शखबूतचीच ट्रंक वाटते. फक्त या ट्रंकेतला पैसा वाढतो. एकाची भीती आणि दुसऱ्याची उमेद, दोन्ही मिळून हे शहर झालं असावं.

शखबूत पुढे परत आले, अल ऐनला राहिले आणि १९८९ मध्ये वारले. माझे आजोबा गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या ट्रंकेत माझ्या इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांच्या फीच्या पावत्या निघाल्या. पहिल्या दोन वर्षांचे पैसे कुठून आले होते, ते तेव्हा कळलं.

असो. परतताना टॅक्सीवाल्याने विचारलं, "सापडलं का जुनं?" म्हटलं, सापडलं.