ड्रायव्हरवरची सही आणि कर्नलचे दार

डॉस प्रणालीतील कोणताही प्रोग्रॅम पोर्टांवर, म्हणजे प्रोसेसर आणि उपकरणे यांच्यातील देवाणघेवाणीच्या क्रमांकित जागांवर, थेट लिहू शकत असे. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने ही मोकळीक बंद केली आणि हार्डवेअरचा ताबा कर्नलकडे, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने चालणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याकडे, राखून ठेवला. प्रिंटर पोर्टला स्वतःची मंडले जोडणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. ती ओळखून डेल रॉबर्ट्स यांनी १९९६ साली ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये गिव्हआयओ हा छोटासा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा प्रोग्रॅम, प्रसिद्ध केला; प्रोसेसर वापरत असलेला पोर्ट-परवानगीचा तक्ता बदलून तो सामान्य प्रोग्रॅमलाही पोर्ट खुले करून देई. हेतू प्रामाणिक होता, पण परवानगी नेमकी कोणाला द्यायची हा प्रश्न तेव्हापासूनच अनुत्तरित राहिला.

पुढे विनरिंगझीरोसारख्या ड्रायव्हरांनी पोर्टांबरोबर स्मृती आणि प्रोसेसरमधील नियंत्रक नोंदीही खुल्या केल्या, आणि तापमान मोजणारी, पंख्यांचा वेग बदलणारी कितीतरी साधने त्यांच्यावर उभी राहिली. ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून कर्नलमध्ये शिरणाऱ्या ड्रायव्हरला डिजिटल सही सक्तीची झाली खरी. मात्र सही ड्रायव्हर कोणाचा आहे एवढेच सांगते, तो कोणाचे हुकूम पाळतो हे सांगत नाही, आणि सारा धोका या फरकातच दडलेला आहे. २०१८ साली उघडकीस आलेल्या लोजॅक्स या घातक प्रोग्रॅमने ‘आरडब्ल्यू-एव्हरीथिंग’ या उपयुक्त साधनाचा सही असलेला ड्रायव्हर वापरून मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच, म्हणजे हार्ड डिस्क बदलली तरी टिकून राहणाऱ्या जागी, ठाण मांडले. २०२० साली रॉबिनहूड या खंडणीखोर प्रोग्रॅमच्या हल्लेखोरांनी गिगाबाइटचा जुना ड्रायव्हर संगणकावर स्वतःच आणून बसवला. कंपनीने तो वापरातून काढलेला होता, पण त्याची सही ग्राह्यच होती. त्याच्या आधारे कर्नलमधील सही-तपासणी बंद पाडून त्यांनी आपला बिनसहीचा ड्रायव्हर आत घुसवला आणि अँटिव्हायरस निकामी केले. म्हणजे ज्याच्या संगणकावर असे साधन कधीच नव्हते, तोही सुरक्षित राहिला नाही.

मायक्रोसॉफ्टची सदोष ड्रायव्हरांना रोखणारी यादी विंडोज ११ च्या २०२२ मधील अद्यतनापासून आपोआप लागू झाली, म्हणजे हे शहाणपण फारच उशिरा आले. २०२५ साली विंडोजमधील डिफेंडर या अँटिव्हायरसने विनरिंगझीरोलाही धोकादायक ठरवले, तेव्हा पंखे नियंत्रित करणारी विनामूल्य साधने एकाएकी अडली, कारण नव्या ड्रायव्हरवर सही मिळवण्याचा खर्च स्वयंसेवी विकासकांच्या आवाक्याबाहेरचा होता.