सोळा आणि शंभर

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, विडी कामगारांच्या हिशेबवह्यांवर झाले. गणिताच्या इतिहासावर बोलण्याचा आम्हाला अधिकार कोणता, असे कोणी विचारील. पण ज्याची मजुरी तुकड्यातुकड्यांनी हाती पडते, त्याला अपूर्णांक टाळून चालत नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वी गोंदियाजवळच्या एका खेड्यात एका मुलीने पाटीवर १/२ + १/३ = २/५ असे मांडलेले आम्ही पाहिले. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. शेजारी तिची आजी विड्या वळत बसली होती. अक्षरओळख नव्हती, पण जुना हिशेब तोंडपाठ. आम्ही विचारले, "आजी, अर्धा रुपया आणि रुपयाचा तिसरा हिस्सा मिळून किती?" हात न थांबवता ती म्हणाली, "आठ आणे, अन् पाच आणे चार पै. तेरा आणे चार पै झाले."

पोरीचे उत्तर तर अर्ध्याहूनही कमी! अर्ध्यात भर घातल्यावर रक्कम घटावी, हे आजीला कधीच पटले नसते.

आजीने केले काय? रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अर्ध्याच्या ९६, तिसऱ्या हिश्श्याच्या ६४, मिळून १६०, आणि १६० म्हणजे १९२ चे ५/६. छेद सारखे करण्याचे काम नाण्यांनीच करून ठेवले होते. वजाबाकीही तशीच. पाऊण रुपयातून रुपयाच्या तिसऱ्या हिश्श्याची उचल कापली, तर १४४ पैतून ६४ गेल्या, ८० उरल्या. म्हणजे सहा आणे आठ पै, रुपयाचे ५/१२.

सोळाचे हे मान इंग्रजांनी आणलेले नव्हे. इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्य आरंभीच नाण्यांची कोष्टके देतात. त्यात १६ पणांचा एक द्रम्म आहे. पुढे समच्छेदाची रीत येते. एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश आणि छेद दोन्ही गुणावे. आणि छेदांना समान भाजक असेल तर त्याने आधी भागून घ्यावे, म्हणजे आकडे लहान राहतात. आमच्या शाळेत हा दुसरा भाग कोणी सांगितला नव्हता. पुष्कळ खडू वाचला असता!

मग १ एप्रिल १९५७ आला आणि रुपयाचे १०० नये पैसे झाले. आता एका आण्याचे सव्वासहा पैसे. १६ आणि १०० यांचा समच्छेद ४००: आणा म्हणजे २५/४००, नया पैसा ४/४००. पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५ असे पूर्ण आकडे धरले गेले. तीन आण्यांत घेणाऱ्याला पाव पैसा जास्त मिळे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकेक आणा चार वेळा बदलला तर २४, आणि चार आणे एकत्र बदलले तर २५. सोळा वेळा बदलला तर रुपयाचे ९६ च. आधी बेरीज करायची की आधी रूपांतर, एवढ्यावर चार पैसे इकडचे तिकडे.

आणे गेले म्हणून भिन्न छेद गेले असे नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात आमच्याकडे पुड्यात ७० पाने मोजतात, सीमेपलीकडे बालाघाटकडे ५०. पुड्याचा भाव तिकडे कमी दिसतो म्हणून मजूर नाक मुरडतो, किंवा इकडे जास्त दिसतो म्हणून खूश होतो. दोन्ही भाव ३५० पानांवर आणावे लागतात: इकडचे पाच पुडे, तिकडचे सात. तेंदूच्या बैठकीत आम्ही भाव सांगण्याआधी फळ्यावर हे दोन आकडे लिहितो.