अनुदिनीचा घाट आणि तिची अवजारे

वाङ्मयप्रकाराचा इतिहास लिहिताना समीक्षक सामान्यतः आशयाकडून घाटाकडे जातो. ब्लॉगच्या बाबतीत ही वाट फारशी उपयोगी पडत नाही. (मराठीत त्याला अनुदिनी, जालनिशी अशी नावे सुचवली गेली, रूढ झाला तो मूळचाच शब्द.) रोजनिशी, स्फुट, सदर, पत्र या सर्वांशी त्याचे नाते सांगता येते. परंतु नवी नोंद वर व जुनी खाली, प्रत्येक नोंदीवर तारीख आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पत्ता, हे त्याचे व्यवच्छेदक विशेष या पूर्वसूरींकडून आलेले नाहीत. १९९७ ते २००३ या काळात मोजक्या मंडळींनी बहुधा स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेल्या लहानसहान आज्ञावलींतून ते स्थिरावले. म्हणून या प्रकाराची समीक्षा त्याच्या अवजारांच्या इतिहासापासून सुरू व्हावयास हवी.

१९९७च्या डिसेंबरात जॉर्न बार्गर या अमेरिकन लेखकाने आपल्या पृष्ठासाठी 'वेबलॉग' हा शब्द वापरला, तेव्हा त्यात अभिप्रेत होती ती वाचनाची नोंदवही: आज काय पाहिले, त्याचा दुवा आणि एखाददुसरे वाक्य. अशी पृष्ठे हाताने रचली जात. नवी नोंद करावयाची म्हणजे खुणांसकट सारी फाइल उघडून तिच्या डोक्यावर मजकूर घालावयाचा. ऑगस्ट १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा खुली केली. इव्हान विल्यम्स आणि मेग हूरिहान यांच्या या कंपनीचे मूळ उत्पादन प्रकल्पव्यवस्थापनाचे होते. ब्लॉगर हे आनुषंगिक. त्यात लेखकासमोर येई ती केवळ एक रिकामी चौकट. रिबेका ब्लड यांनी २००० सालच्या आपल्या निबंधात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: या चौकटीत दुव्याची सक्ती नव्हती, म्हणून लेखन दुव्यांकडून आत्मनिवेदनाकडे वळले. एका कोऱ्या चौकटीने प्रकाराचा आशय बदलला, हे विधान साहित्यशास्त्राच्या दृष्टीने लहान नाही. मात्र ते अपुरे आहे. चौकटीने लेखकाला मोकळे केले. लेखनाला एकक दिले ते दुसऱ्याच गोष्टीने.

ती गोष्ट म्हणजे 'पर्मालिंक', कायमचा दुवा. २००० सालापर्यंत सर्वसाधारणपणे नोंदीला स्वतःचा पत्ता नसे. ती काही दिवस मुख्य पृष्ठावर राही, नव्या नोंदींच्या भाराने खाली सरके आणि शेवटी आठवड्याच्या वा महिन्याच्या संग्रहात दिसेनाशी होई. तिच्याविषयी बोलावयाचे तर 'अमक्याच्या पृष्ठावर थोडे खाली पाहा' असे सांगावे लागे. त्या वर्षी ब्लॉगरने प्रत्येक नोंदीला कायमचा दुवा देण्याची सोय केली. तांत्रिकदृष्ट्या हे काम किरकोळ होते. परंतु ज्याचा निर्देश करता येतो त्यालाच उत्तर देता येते, त्याचेच खंडन करता येते. प्रवाहातला तुकडा अशी जी नोंद होती, ती स्वतंत्र संहिता झाली. पोथीतील ओव्यांना क्रमांक पडले की भाष्यकाराचे काम जसे पालटते, तसेच हे.

पुढची अवजारेही लेखकांच्याच गरजेतून आली. मीना व बेन ट्रॉट यांचे 'मूव्हेबल टाइप' (२००१) मीना यांच्या स्वतःच्या अनुदिनीसाठी सुरू झाले. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाची 'बी२' ही आज्ञावली रखडली, तेव्हा तिच्या मुक्त परवान्याचा आधार घेऊन ह्यूस्टनचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी मे २००३ मध्ये 'वर्डप्रेस' प्रसिद्ध केले. सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार करणे, हे त्या पहिल्या आवृत्तीचे एक वैशिष्ट्य होते! मुद्रणकलेचा हा जुना सोस नव्या यंत्रात शिरलेला पाहून बरे वाटते.

मराठी वाचकाला येथे लघुनियतकालिकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९५०च्या दशकात कोलटकर, चित्रे आणि रमेश समर्थ यांचे 'शब्द' चक्रमुद्रित स्वरूपात निघाले. संपादक आणि छापखाना यांना वळसा घालण्याचे सामर्थ्य सायक्लोस्टाइल यंत्रात होते. तरीही साम्य तेथेच थांबते. सायक्लोस्टाइलने कवितेचा घाट ठरवला नाही.

संदेशवहनाच्या अवजारांनी मात्र तो ठरवला, आणि तेथे लिपीचा प्रश्न थेट भिडतो. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८५ मध्ये लघुसंदेशाची मर्यादा १६० अक्षरे अशी सुचवली. पोस्टकार्डांवर एरवी किती मजकूर असतो, हा त्यांचा एक आधार होता. २००६ साली आलेल्या ट्विटरने त्यातली २० अक्षरे नावासाठी राखून १४० उरवली. हे गणित रोमन लिपीचे. १६० अक्षरे मावतात ती सात बिटांच्या संकेतात. देवनागरीला सोळा लागतात, म्हणून त्याच संदेशात ७० चिन्हेच बसतात. त्यातही काना, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे: 'स्त्री' हे एकच अक्षर सहा जागा अडवते. मराठी माणूस मोबाइलवर रोमन लिपीत लिहू लागला, याची कारणे केवळ भाषिक न्यूनगंडात शोधणाऱ्यांनी हा हिशेब पाहिलेला नाही.

या लेखनाची संहिताचिकित्सा कशी करावयाची, हा प्रश्न उरतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे पाठभेद होते, म्हणजेच प्रती होत्या. अनुदिनीत लेखक नोंद बदलतो तेव्हा जुना पाठ वाचकाच्या दृष्टीने नाहीसाच होतो, आणि तारीख मात्र पहिलीच राहते. वर्डप्रेस २००८ पासून पूर्वीचे पाठ साठवते, परंतु ते लेखकाच्या आतल्या दालनात. बाहेरची प्रत सेवेच्या आयुष्याशी बांधलेली आहे. ट्रॉट दांपत्याच्याच कंपनीने २००३ साली सुरू केलेली 'टाइपपॅड' ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद करण्यात आली. तिच्यावरील नोंदींचे कायमचे दुवेही तिच्याबरोबरच गेले.