वाड्याची विहीर

आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. रात्री-अपरात्री फोन येतो आणि ते लॅपटॉप उघडून बसतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यावर हा पहारा कसा आला, हे समजण्यास मागची वीस वर्षे पाहावी लागतात.

पूर्वी कंपनीत जणू दोन बिऱ्हाडे असत. एक प्रोग्राम लिही, दुसरे तो यंत्रांवर चालवी. बिघाड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवीत. २००६ साली ॲमेझॉनने साठवणीची जागा आणि संगणकशक्ती भाड्याने देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी तिचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी वर्नर व्होगेल्स यांनी एका मुलाखतीत आपल्या कंपनीची रीत सांगितली : जो बांधील, तोच चालवील. २००९ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे पॅट्रिक देबुआ यांनी भरवलेल्या परिषदेपासून या विचाराला ‘डेव्हऑप्स’ हे नाव मिळाले. मधली भिंत पडली, हे बरेच झाले.

पण भिंतीपलीकडचे कामही लिहिणाऱ्याच्या अंगावर आले. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने प्रोग्राम आणि त्याला लागणारे सामान एका पेटीत बांधण्याची सोय केली. अशा असंख्य पेट्या अनेक यंत्रांवर सांभाळणारे कुबरनेटीस गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. सामर्थ्य वाढले, तशी शिकायच्या गोष्टींची यादीही वाढली : नेटवर्क, परवानग्या, सुरक्षा, देखरेख. एकाच वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली विहीर खणावी, तसे झाले.

प्लॅटफॉर्म इंजिनिअरिंग म्हणजे वाड्याची सामाईक विहीर. मॅथ्यू स्केल्टन आणि मॅन्युएल पैस यांनी २०१९ च्या ‘टीम टोपॉलॉजीज’ या पुस्तकात अशी सोय उभारणाऱ्या स्वतंत्र गटाची कल्पना मांडली. इतर गटांच्या डोक्यावरचा भार कमी करणे हे त्याचे काम. २०२० मध्ये स्पॉटिफायने आपले ‘बॅकस्टेज’ खुले केले. कोणती सेवा कोणाकडे आहे, नवी कशी सुरू करायची, हे त्यात एकाच ठिकाणी सापडते.

मात्र विहीर खणणाऱ्याने पाणी भरणाऱ्यांना विचारले पाहिजे. न विचारता सक्ती केली, तर जुनीच भिंत नव्या नावाने उभी राहते. लोक आपणहून जिथे घागर घेऊन येतात, ती विहीर खरी.